आत्याची ट्रंक आणि चित्रकर्तींची नावं

सांजवात (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात कोल्हापूरचं आमचं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावर आत्याची पत्र्याची ट्रंक होती. वर एक विरलेली सतरंजी, तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली तेवीस चित्रं निघाली, सगळी जलरंगातली. रंकाळ्याची संध्याकाळ, पंचगंगेचा घाट, परसातली कर्दळ, दोरीवर वाळत घातलेलं नऊवार. एक तिचं स्वतःचं होतं, आरशात बघून काढलेलं. डोळे आणि कपाळ पूर्ण, हनुवटी पेन्सिलीतच राहिलेली. तीन चित्रांच्या पाठीवर वाण्याच्या याद्या आहेत. सगळ्यात तळाशी इंटरमीजिएट ड्रॉइंगचं ए ग्रेडचं प्रमाणपत्र होतं.

आत्या चित्रं काढायची हे घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. 'हिचा हात चांगला आहे' असं सगळे म्हणायचे. तो हात रुखवतात लागला, गौरीच्या सजावटीत लागला, पुतण्यांच्या शाळेच्या तक्त्यांत लागला. मी स्वतः तिच्याकडून विज्ञानाच्या वहीतलं हृदय काढून घेतलं होतं. पण तिचं एकही चित्र घरातल्या भिंतीवर कधी लागलं नाही. लग्नानंतर तिने रंग घेतले की नाही, हे विचारायचंही आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. ती जाऊन अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून मी आपल्या देशातल्या चित्रकर्तींबद्दल मिळेल ते वाचते आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेची गोष्ट बहुतेक ठिकाणी 1947च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपपाशी, म्हणजे मुंबईतल्या तरुण कलावंतांच्या गटापाशी, येऊन ठेपते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे असे सहा संस्थापक, सहाही पुरुष. दुसरी यादी सरकारी आहे. 1972च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली सरकारने नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलानिधी ठरवली, म्हणजे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी, रोरिक आणि अमृता शेरगिल. नऊजणांत एक बाई.

आणि चित्रं तर बायका घरोघरी काढत होत्या. मग त्या गळल्या कुठे? माझा अंदाज असा की चित्र काढण्यापाशी त्या गळल्या नाहीत, चित्र सांभाळण्यापाशी गळल्या. कुणी विकत घेतलं, कुणी नोंद ठेवली, कुणी कोरड्या जागी ठेवलं, मागे नाव कुणी लिहिलं, यावर सगळं ठरत गेलं. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या माहितीतल्या चित्रकर्तींबद्दल कृपया लिहा.

कोकणकडा

फार जिव्हाळ्याचा विषय काढलात, ताई. आरशातल्या चित्राचं वाचून गलबललं.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. तिथून पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या पहिल्या काही मुलींमध्ये अंबिका धुरंधर (1912 ते 2009) येतात. रावबहादूर म. वि. धुरंधरांची ही मुलगी. वडील त्याच शाळेत शिक्षक, पुढे तिथेच मोठ्या पदावर. मुलीला चित्रकलेचं रीतसर शिक्षण मिळालं त्यामागे वडिलांचा पाठिंबा होता, आणि तो त्या काळात किती दुर्मिळ होता हे वेगळं सांगायला नको. अंबिकाबाईंनी ऐतिहासिक प्रसंग रंगवले, व्यक्तिचित्रं केली, प्रदर्शनांत भाग घेतला. खारच्या घरी वडिलांची चित्रं आणि कागदपत्रं त्यांनी उतारवयापर्यंत जपली.

तुमचं सांभाळण्याचं सूत्र इथे नेमकं बसतं. वडिलांचं काम मुलीने सांभाळलं म्हणून आज धुरंधरांवर इतकं काही लिहिता येतं. तिचं स्वतःचं काम सांभाळायला तशी मुलगी कुठे होती? आजही त्यांची ओळख 'धुरंधरांची कन्या' अशीच करून दिली जाते. मीही वर तशीच करून दिली हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडत नाही, राहू दे तसंच.

माडांच्या_सावलीत

अंबिकाबाईंबरोबर आमच्या अँजेला त्रिंदादचं नाव हवंच. जन्म 1909, मुंबईत. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद, मूळ गोव्याचे, जे. जे.मध्ये शिकवायचे. अँजेलाही जे. जे.चीच. मेरी, येशू, शेवटचं भोजन हे विषय तिने भारतीय पेहरावात आणि भारतीय चेहऱ्यांत रंगवले. साडीतली मेरी आज कुणाला नवलाची वाटत नाही, पण त्या काळात हे धाडसच होतं. पुढे ती पूर्ण वेगळ्या वाटेने गेली आणि त्रिकोणांतून आकार बांधायला लागली. शेवटची वर्षं परदेशात गेली, 1980 साली ब्राझीलमध्ये वारली.

पणजीला फोंताइन्याश भागात फुंदासांव ओरिएन्त या संस्थेत बापलेकीची चित्रं एकत्र पाहायला मिळतात. गोव्याला आलात तर किनाऱ्यावरून एक दुपार काढून तिथे जा. वडिलांची चित्रं बघून थेट तिच्या चित्रांसमोर उभं राहिलं की कळतं, ती वडिलांची सावली मुळीच नव्हती.

तिसरी_घंटा

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. चित्र चांगलं की वाईट एवढंच बघावं. चित्रकार बाई की बुवा याची वेगळी मोजदाद केली की बाईला आपोआप वेगळ्या खोलीत बसवल्यासारखं होतं. अमृता शेरगिलला कुणाच्या सवलतीची गरज पडली का? 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं. सप्टेंबर 2023मध्ये तिचं त्याच वर्षीचं एक चित्र लिलावात 61.8 कोटींना गेलं. तोवर कुठल्याच भारतीय चित्राला तेवढी किंमत आली नव्हती. गुणवत्ता असेल तर इतिहास दखल घेतो असं मला मनापासून वाटतं.

सांजवात

राग कसला, तिसरी_घंटा. याच मुद्द्यावर मीही बरेच दिवस अडले होते.

अमृताच्या गुणवत्तेबद्दल दुमत असूच शकत नाही. पण तिला आणखी काय काय मिळालं तेही बघू या. आई हंगेरियन, वडील संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि छायाचित्रणाचे वेडे. सोळाव्या वर्षी पॅरिसला, तिथे एकोल दे बोझार या कलाशाळेत शिक्षण, नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करायची मुभा, 1933 साली ग्रां सालाँ या तिथल्या मानाच्या चित्रप्रदर्शनाचं सहसदस्यत्व. भारतात परतल्यावर 1936 साली ती अजिंठा-वेरूळला गेली आणि त्यानंतर तिची चित्रं पालटली. त्यात त्या भिंतींचा वाटा मोठा आहे. मुंबईत कार्ल खंडालावालांसारखा जाणकार तिच्या कामाच्या पाठीशी उभा राहिला.

1941 साली लाहोरला ती वारली तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. पुढे नवऱ्याने आणि घरच्यांनी तिची बहुतेक चित्रं राष्ट्राला दिली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ती एकत्र राहिली. आज कुणीही तिथे जाऊन तिचा सगळा प्रवास एका छपराखाली पाहू शकतं. ती चित्रं नातेवाइकांत वाटली गेली असती, माळ्यावर गेली असती, तर गुणवत्ता तीच राहिली असती. पण आपण दोघं आज तिच्याबद्दल बोलत असतो का?

निळी_शाई

प्रोग्रेसिव्हमध्ये बाई नव्हती असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण संस्थापकांत नव्हती एवढंच ते खरं. 1953 साली मुंबईत ग्रुपचं प्रदर्शन झालं त्यात भानुमती राजोपाध्ये होत्या. कोल्हापूरच्या, ताई, तुमच्याच गावच्या. जन्म 1929. वडील अण्णासाहेब स्वतः चित्र काढायचे. ते लवकर गेले. आईने सात मुलांचा संसार ओढला. भानु मुंबईला जे. जे.त आल्या, सुवर्णपदक मिळवलं. त्या काळातलं त्यांचं एक तैलचित्र आहे, जोगिणींचं, म्हणजे ख्रिस्ती नन्सचं. मी छापील प्रतच पाहिली आहे. माणसांपेक्षा त्यांच्या अंगावरच्या कापडाचे मोठे सपाट आकारच चित्र तोलून धरतात.

मग घर चालवायचं होतं. मासिकांत फॅशनची रेखाटनं सुरू झाली, त्यातून कपडे शिवून घ्यायचं काम, त्यातून सिनेमा. या भानु राजोपाध्ये म्हणजेच भानु अथैया. 1983 साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या, ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय.

त्यांनी चित्रकला सोडली असं काहीजण लिहितात. मला ते पटत नाही. वेशभूषा म्हणजे चालत्याबोलत्या माणसावर केलेलं रंगकामच असतं. पण कलेच्या इतिहासाने तिची गणना केली नाही, कारण शिवणकाम आणि कापड बायकांच्या खात्यात आणि चित्रकला वेगळ्या खात्यात.

आणि सांभाळण्याबद्दल म्हणाल तर 2012 साली त्यांनी ते ऑस्कर अमेरिकेच्या अकादमीकडे परत सोपवलं. आपल्यामागे ते इथे नीट राहील याची त्यांना खात्री वाटत नव्हती. रवींद्रनाथांचं नोबेल पदक शांतिनिकेतनातून चोरीला गेलं होतं, त्याचा दाखला त्यांनी दिला होता. ज्या बाईने आयुष्यभर कापडाच्या एकेका सुरकुतीची काळजी केली तिला हा निर्णय घ्यावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. 2020च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या.

पाटीपेन्सिल

निळी_शाईंच्या प्रतिसादातून एक गोष्ट पुढे नेते. मी ग्रंथालयात काम केलं आहे, तीस वर्षं कार्डं लिहिली. बायकांची नोंद करताना पंचाईत व्हायची ती आडनावाने. भानु राजोपाध्ये एका खणात, भानु अथैया दुसऱ्या खणात. बांदिवड्याच्या, गोव्याच्या प्रफुल्ला जोशी जे. जे.त सुवर्णपदक घेतात आणि पुढचं सगळं काम प्रफुल्ला डहाणूकर या नावाने आहे. इंदूरच्या देवयानी जाधव जे. जे.त शिकल्या. मुद्राचित्रणात (प्रिंटमेकिंगमध्ये) आणि बाटिकमध्ये त्यांचं काम देशभर गाजलं ते देवयानी कृष्ण या नावाने. मराठी माणसाला त्या मराठी होत्या हेसुद्धा ठाऊक नसतं.

पुरुषाची सही विसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत एकच राहते. संशोधन करणारं पोर त्या एका नावाचा माग काढत जातं आणि त्याला सगळा माणूस सापडतो. बाईचा माग लग्नाच्या वर्षापाशी तुटतो. ताई, तुमच्या आत्याच्या चित्रांवर सही कुठल्या नावाची आहे?

सांजवात

सहीच नाही हो. एकाही चित्रावर नाही.

रेघ_आणि_रेघ

सही नसणं आणि नाव नसणं याबद्दल मला लिहायचंच होतं. मी बडोद्याला शिकले. आमच्या कला विद्याशाखेत नसरीन मोहमदी 1972पासून शिकवत होत्या. मी पोहोचले तेव्हा त्या गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्याबद्दल बोलताना जुन्या लोकांचा आवाज खाली यायचा. जन्म कराचीचा, 1937. वाढल्या मुंबईत. शिक्षण लंडनला आणि पॅरिसला. आजूबाजूचे सगळे माणसं, गोष्टी, पुराणं रंगवत होते तेव्हा या बाई कागदावर फक्त रेघा ओढत होत्या. शाई, पेन, आर्किटेक्टची अवजारं. एक रेघ दुसरीपासून केसभर लांब, मग तिरकी, मग मध्येच श्वास घेतल्यासारखी मोकळी जागा.

अलिबागजवळ किहीमला त्यांच्या घरच्यांचं घर होतं. तिथल्या किनाऱ्यावर त्यांनी छायाचित्रं काढली. ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या पाण्याच्या रेघा बघितल्या की त्यांची चित्रं उलगडायला लागतात. पुढे आजाराने हात साथ देईना. ज्या माणसाचं सगळं काम सरळ रेघेवर उभं आहे त्याचे स्नायू ऐकेनासे होणं म्हणजे काय याचा विचार करा. तरी त्या काढत राहिल्या. 1990 साली किहीमलाच गेल्या.

त्यांच्या बहुतेक चित्रांना ना शीर्षक आहे ना तारीख. त्यामुळे आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं हे अभ्यासकांना कामाकडे बघूनच ताडावं लागतं. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नवी शाखा उघडली तेव्हा सुरुवातीच्याच प्रदर्शनांत एक नसरीन मोहमदींचं होतं. किहीमला आपली माणसं दर शनिवार-रविवारी जातात. पण तिथे एवढी मोठी चित्रकर्ती राहून गेली हे कितीजण जाणतात?

जाता जाता आणखी एक. 1987 ते 1989 या काळात नलिनी मलानी, निलिमा शेख, अर्पिता सिंग आणि माधवी पारेख या चौघींनी मिळून आपलं प्रदर्शन गावोगावी नेलं. सुरुवात भोपाळच्या भारत भवनपासून. कुणी बोलावण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. तिसरी_घंटा यांना वाटतं तशी ही वेगळी खोली होती का? माझ्या मते एकमेकींचं काम एकमेकींनी पाहावं, त्यावर बोलावं, यासाठी त्यांनी स्वतः मांडलेली बैठक होती.

खडूफळा

मी डहाणू तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. इथली गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे असं वाटतं, पण अर्धीच माहीत आहे.

वारली चित्र हे मुळात लग्नातलं. घरातली भिंत शेणामातीने सारवतात, गेरू फिरवतात, मग सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिथे चौक 'लिहितात'. काढतात म्हणत नाहीत, लिहितात. बांबूची काडी पुढून ठेचून तिचा कुंचला करायचा. चौकाच्या मधोमध पालघाट देवी, कडेने नक्षी, बाहेर झाडं, माणसं, नाच, प्राणी. पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नाही. धवलेरी बायका लग्नाची गाणी गातात, त्यांच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चौकाचं काम झालं. पुढल्या पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र मातीत मिळतं. कुणी नाव विचारत नाही, कुणी सांगत नाही. ती कला अशीच चालत आली, बाईच्या हातून बाईच्या हातात.

1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी कागद आणला. कागदावर कोण बसलं? गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. ते लग्नासाठी थांबत नसत, रोज चित्र काढत. पुढे त्यांचं नाव परदेशात गेलं, 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागून पाड्यापाड्यांतले तरुण लागले. आज माझ्या शाळेतल्या मुलांना 'वारली चित्रकार कोण' विचारलं की ती काका, मामा, दादांची नावं सांगतात. 'लग्नात चौक कोण लिहितं' विचारलं की म्हणतात, आई लिहिते, आजी लिहिते. ती चित्रकार आहे का विचारलं की वर्ग गप्प होतो.

तिसरी_घंटा

खडूफळा सर, प्रतिसाद दोनदा वाचला. वर्ग गप्प होतो हे वाक्य डोक्यातून जात नाही.

तरी एक काळजी वाटते. या मांडणीत जिव्या म्हशांनी बायकांकडून काही हिरावून घेतलं असा अर्थ निघू नये. त्या माणसाने वारली चित्राला लग्नाच्या चौकटीबाहेर आणलं. मासेमारीचं भलंमोठं जाळं, मुंग्यांचं वारूळ, पावसाची शेतं, हे चौकात नव्हतं. ती त्यांची स्वतःची नजर होती.

खडूफळा

अगदी बरोबर. जिव्यादादांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि इथल्या कुठल्याही घरात विचारा, बायकासुद्धा त्यांचं नाव मायेनेच घेतात. त्यांच्यामुळे कित्येक घरांत चूल पेटली. दादांनी कुणाचं काही घेतलं नाही.

मला खुपतं ते वेगळं. कागद आला तेव्हा त्याच्यासोबत बाजार आला, शहराचा प्रवास आला, मुंबईला चार दिवस राहून यायचं आलं. ज्या बाईला भाताची लावणी आहे, पाणी भरायचं आहे, अंगावर पिणारं पोर आहे, ती प्रदर्शनाला कशी जाणार? तिला कुणी नको म्हटलं नाही. तिला निघताच आलं नाही. आता हळूहळू मुली पुढे येत आहेत, कागदावर खाली आपलं नाव घालतात, हे मी डोळ्यांनी बघतो आहे.

मखाणा

भास्कर कुलकर्णींचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी नोकरीनिमित्त काही वर्षं दरभंग्याला होतो. वारलीच्या आधी हेच कुलकर्णी मधुबनीला पोहोचले होते. 1966-67च्या बिहारच्या दुष्काळात लोकांच्या हाती पैसा यावा म्हणून हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना तिकडे पाठवलं. तिथेही भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकाच होत्या, नवरानवरीच्या खोलीत, ज्याला कोहबर म्हणतात. तिथेही त्यांनी कागद दिला. पण मिथिलेत, म्हणजे मधुबनीकडच्या त्या भागात, नाव बायकांचं झालं! जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी, तिघींना पद्मश्री मिळाली. कागद देणारा माणूस तोच, चित्र लग्नाचंच, आणि निकाल असा वेगळा. याचं एकच एक कारण सांगता येणार नाही. पण कागद आधी कुणाच्या हातात पडतो यावर पुढचं बरंच ठरतं, हे तिथे राहून मला पटलं.

आणि तरीही सांजवातताईंचं म्हणणं तिथेही लागू पडतं. गंगा देवींनी आजारपणात दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये एक आख्खी खोली कोहबर म्हणून रंगवली होती. त्या 1991 साली गेल्या. पुढे 2015च्या सुमारास म्युझियमच्या नूतनीकरणाच्या कामात ती खोली नाहीशी झाली. गावातली भिंत सारवली जाते ती पुढच्या वर्षी पुन्हा लिहिण्यासाठी. ही भिंत पुन्हा लिहायला गंगा देवी नव्हत्या.

टेम्सकाठी

लंडनहून लिहिते आहे. इथल्या रॉयल अकादमीचं उदाहरण या धाग्यात शोभेल. 1768 साली ती स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. काही वर्षांनी झोफनी नावाच्या चित्रकाराने अकादमीच्या सभासदांचं समूहचित्र काढलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. बायकांना त्या खोलीत मज्जाव होता, मग या दोघींना दाखवायचं कसं? त्याने त्यांना भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून रंगवलं. मी त्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा त्या दोन तसबिरींवरून नजर हटेना. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून बाई निवडली गेली ती थेट 1936 साली, लॉरा नाइट.

म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही. मात्र आपल्याकडचं उत्तर आपल्यालाच शोधावं लागेल, तिकडचं जसंच्या तसं चालणार नाही. आपल्या बायका चित्रशाळेच्या दाराबाहेर नंतर उभ्या राहिल्या, त्याआधी हजारो वर्षं त्या उंबऱ्यावर रांगोळी घालत होत्या.

अबोली_गजरा

घरातच बसून काढण्यावरून सुनयनी देवी आठवल्या. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोरांची बहीण. भावांना गुरू मिळाले, हिला कुणीच नाही. तिशीच्या आसपास, मुलंबाळं झाल्यावर, दुपारच्या वेळी घरातल्या तक्तपोसावर (लाकडी बैठकीवर) बसून आपली आपण काढायला लागली. 1922 साली कलकत्त्यात जर्मनीच्या बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, कँडिन्स्की आणि क्ली यांची चित्रं होती, त्याच प्रदर्शनात सुनयनी देवींचीही होती. दोघं भाऊ त्या नऊ कलानिधींच्या यादीत आहेत, बहीण नाही.

आणि विदर्भाकडून एक नाव: बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेल्याच्या. उंच, सडपातळ, मान किंचित झुकलेल्या कोळिणी. विद्यार्थिदशेतच त्यांची चित्रं होमी भाभांनी घेतली, पुढे एअर इंडियाने घेतली. माझ्या लहानपणी बँकेच्या कॅलेंडरवर अशीच एक कोळीण होती. कुणाची, ते वीस वर्षांनी कळलं.

सांजवात

सगळ्यांचे प्रतिसाद रात्री उशिरापर्यंत वाचले. खूप आभार.

पाटीपेन्सिल, तुमच्या प्रश्नानंतर मी परत ट्रंक उघडली. चित्रावर सही नाही, पण प्रमाणपत्रावर तिचं माहेरचं पूर्ण नाव आहे. वाण्याच्या याद्यांचं अक्षर तिचंच आहे, 'तूरडाळ'मधला ळ ती जसा काढायची तसाच. यादीत एके ठिकाणी साबण आणि रॉकेलच्या मध्ये 'निळा रंग, लहान' असं लिहिलं आहे. तो खोडलेला आहे.

याचा अर्थ लग्नानंतरही ती काढत होती. निदान तसं तिच्या मनात होतं.

आता मदत हवी आहे. चित्रं सांभाळायची कशी? दोनतीन कागदांना कडेने तपकिरी ठिपके पडलेत, एकाला कसर लागली आहे. घरचे म्हणतात लॅमिनेट करून टाक.

रेघ_आणि_रेघ

लॅमिनेट अजिबात करू नका! एकदा केलं की परत सोडवता येत नाही. सेलोटेप, फेव्हिकॉल काही लावू नका. वर्तमानपत्र आधी काढून टाका, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. चित्रकलेच्या मोठ्या दुकानात आम्लविरहित कागद मिळतो, दोन चित्रांमध्ये एकेक घाला आणि गुंडाळी न करता सपाट ठेवा. ट्रंकेत नको, पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम येतो. ठिपके पुसायला जाऊ नका, जलरंग आहे, रंग उठेल. कसर लागलेलं चित्र आजच बाकीच्यांपासून वेगळं करा. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करा. आणि सगळ्यात आधी दिवसाच्या उजेडात प्रत्येक चित्राचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा. याद्यांचेसुद्धा.

पाटीपेन्सिल

एक साधी वही करा. प्रत्येक चित्राला क्रमांक, लांबी-रुंदी, काय काढलं आहे, मागे काय लिहिलं आहे, कुठे सापडलं. चित्राच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, दाब न देता, तोच क्रमांक घाला. शाई नको. आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, एकाखाली एक.

सांजवात

वही आणली आहे. आत्तापर्यंत नऊ चित्रांची नोंद झाली. आरशातलं चित्र क्रमांक एक.